वाया जाण्याचं कौतुक पुरे

आयुष्यात कधी जॅझ न ऐकलेल्या माणसालाही जॅझबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक असते: जॅझवाले स्वतःची वाट लावून घेतात. अंधारा क्लब, सिगारेटचा धूर, दंडावर सुयांच्या खुणा, लवकर आलेलं मरण, आणि या सगळ्यातून निघालेलं काळीज कापणारं संगीत. हे चित्र आपल्याकडे सिनेमांतून आलं, रील्समधून आलं, ‘पावसाळी रात्रीचं जॅझ’ छाप प्लेलिस्टमधून आलं. इतक्यांदा आलं की आता ते माहिती म्हणून खपतं.

मला या चित्राशी भांडायचं आहे. साक्षीदार म्हणून मी एका ट्रम्पेटवाल्याला उभं करणार आहे. त्याचं नाव क्लिफर्ड ब्राउन. मित्र त्याला ब्राउनी म्हणायचे. २६ जून १९५६ रोजी तो गेला तेव्हा २५ वर्षांचा होता. त्याच्या खात्यावर रेकॉर्डिंगची जेमतेम चार वर्षं आहेत. पण जॅझ ट्रम्पेट मनापासून शिकणाऱ्या कुणालाही, आज सत्तरएक वर्षांनंतरही, त्या चार वर्षांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

आणि हा माणूस हेरॉइन घेत नव्हता. दारूच्या आहारी गेला नव्हता. रियाज करायचा, बुद्धिबळ खेळायचा, सोबतच्या वादकांशी नीट वागायचा. त्याच्याबद्दल बोलताना त्याच्या काळातले लोक आधी त्याच्या वाजवण्याबद्दल बोलतात आणि लगेच त्याच्या स्वभावाबद्दल.

तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल, तर त्यामागचं एक कारण हेच आहे असं माझं म्हणणं आहे.

आधी माणूस बघू. क्लिफर्डचा जन्म ३० ऑक्टोबर १९३०चा, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन गावचा. वडिलांना वाद्यांची हौस, त्यामुळे घरात ट्रम्पेट होता. साधारण तेराव्या वर्षी तो या पोराच्या हातात आला. गावात बॉइसी लॉवरी नावाचे शिक्षक होते, त्यांच्याकडे तो शिकला. पुढे डेलावेअर स्टेट कॉलेजात प्रवेश घेतला तो गणितासाठी. हे वाचलं तेव्हा इंजिनिअरिंग केलेल्या माझ्यासारख्याला जरा बरं वाटलं, लपवत नाही. मग तो मेरीलँड स्टेट कॉलेजात संगीताकडे वळला आणि जवळच्या फिलाडेल्फियात जाऊन वाजवू लागला.

तिथे त्याला फॅट्स नवारो भेटला. नवारो हा त्याचा आदर्श. भरदार, गोल, स्वच्छ आवाजाचा ट्रम्पेटवाला. क्लिफर्डच्या आवाजात तुम्हाला जे ऐकू येतं त्याचं मूळ बऱ्याच अंशी नवारोत आहे. पण नवारो हेरॉइनच्या विळख्यात होता आणि त्याला क्षयही झाला होता. जुलै १९५० मध्ये तो २६व्या वर्षी गेला.

त्या वेळी क्लिफर्ड स्वतः हॉस्पिटलात पडून होता. जून १९५० मध्ये एका कार्यक्रमाहून परतताना त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला होता. जवळजवळ वर्ष त्यात गेलं. ट्रम्पेट धरता येत नव्हता, म्हणून बरा होत असताना तो पियानो वाजवायचा. डिझी गिलेस्पी त्याला भेटायला आला आणि सोडू नकोस म्हणाला. ट्रम्पेट हे निर्दयी वाद्य आहे. त्याला पडदे तीनच, बाकीचं सगळं काम ओठ आणि श्वास करतात. काही दिवस वाजवलं नाही तरी ओठांची ताकद उतरते, इथे तर महिनेच्या महिने गेले होते. क्लिफर्ड शून्यापासून परत उभा राहिला.

मार्च १९५२ मध्ये त्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं, क्रिस पॉवेलच्या ऱ्हिदम अँड ब्लूज बँडसोबत. १९५३च्या शरदात तो लायनेल हॅम्प्टनच्या बँडमधून युरोपात गेला. या बँडमध्ये क्विन्सी जोन्स होता, तोच क्विन्सी जोन्स ज्याने पुढे मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ केला. दौऱ्यावर कुणीही स्वतंत्र रेकॉर्डिंग करायचं नाही, असा हॅम्प्टनचा हुकूम होता. पोरं रात्री हॉटेलातून गुपचूप सटकून पॅरिसच्या स्टुडिओत जायची. क्लिफर्डची बंडखोरी ही एवढीच, काम करण्यासाठी केलेली. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात ड्रमर आर्ट ब्लेकीसोबत त्याने जे वाजवलं, त्याच्या रेकॉर्ड आजही निघतात. त्याच वर्षी ड्रमर मॅक्स रोचने त्याला बरोबरीचा भागीदार करून पाच जणांचा बँड काढला.

आता वाजवणं. ‘जॉय स्प्रिंग’ ही त्याची स्वतःची धून घ्या. रेकॉर्डिंग ऑगस्ट १९५४चं. धून एका पट्टीत सुरू होते आणि आठ बारच्या पहिल्या खंडानंतर तीच चाल अर्धा स्वर वर सरकते. कागदावर हे गणित वाटतं. वाजवताना अवघड जातं, कारण बोटांना एका पट्टीची सवय लागते न लागते तोच जमीन सरकते. क्लिफर्डच्या सोलोत हा सांधा कळतही नाही. पाणी एका पायरीवरून दुसरीवर जावं तसा तो पुढे जातो. आपल्याकडे चांगल्या तानेला ‘दाणेदार’ म्हणतात, म्हणजे कितीही वेगात प्रत्येक स्वर सुटा, टपोरा, मोजून घ्यावा असा. ‘स्टडी इन ब्राउन’ या १९५५च्या अल्बममध्ये ‘चेरोकी’ आहे. वेग असा की ऐकणाऱ्याला धाप लागते. तिथेही त्याचा दाणा फुटत नाही. आणि लगेच ‘क्लिफर्ड ब्राउन विथ स्ट्रिंग्ज’ लावा. तिथे हाच माणूस तंतुवाद्यांच्या साथीने अगदी संथ गाणी वाजवतो, आणि एखादा लांब स्वर असा धरतो की हातातला फोन खाली ठेवावा लागतो.

म्हणजे आनंदही आहे, वेगही आहे, कारुण्यही आहे. सुई नाही.

आता ज्याचं नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल तो ट्रम्पेटवाला घेऊ. चेट बेकर. देखणा, हळुवार आवाजात गाणारा, वर्षानुवर्षं हेरॉइन घेणारा. १३ मे १९८८ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये हॉटेलच्या खिडकीतून पडून गेला. त्याच वर्षी त्याच्यावरचा ‘लेट्स गेट लॉस्ट’ हा माहितीपट आला, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. २०१५ मध्ये ईथन हॉकने त्याची भूमिका केली. ज्या सुरकुतलेल्या चेहऱ्याचे फोटो आज लोक कौतुकाने शेअर करतात, तो चेहरा पन्नाशीतल्या माणसाचा आहे.

चेट मला आवडतो. प्रश्न चेटचा नाही. आपण त्याच्यातलं काय उचललं, हा प्रश्न आहे.

अजून ठसठशीत उदाहरण हवं असेल तर माइल्स डेव्हिस बघा. १९७५ ते १९८० या काळात तो कोकेनमध्ये आणि आजारपणात बुडाला होता आणि ट्रम्पेट त्याने जवळपास बाजूला ठेवला होता. २०१५ मध्ये त्याच्यावर ‘माइल्स अहेड’ हा चित्रपट आला. या माणसाने १९५९ मध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ केला, संगीताची दिशा एकदा नव्हे, अनेकदा बदलली. इतक्या मोठ्या आयुष्यातून चित्रपटाने आपल्या कथेचा कणा म्हणून कुठला काळ निवडला? तोच. ज्या वर्षांत तो वाजवतच नव्हता ती वर्षं.

सिनेमावाल्यांना मी दोष देत नाही. रियाज दाखवणं कंटाळवाणं असतं, पडझड दाखवणं सोपं. पण पन्नास वर्षं पडझडच दाखवली की बघणाऱ्याच्या डोक्यात एक समीकरण तयार होतं: पडझड झाली, म्हणून संगीत झालं. माझ्या धंद्यात नवख्या माणसाला पहिली शिकवण अशी देतात की लॉगमध्ये दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं धरून चालू नकोस. एक काढून बघ, दुसरी राहते का ते तपास.

चला, काढून बघू.

चार्ली पार्कर हा या दंतकथेचा मूळपुरुष. १९४०च्या दशकात कित्येक तरुण वादकांनी तो घेतो म्हणून हेरॉइन घेतलं. पार्कर स्वतः मात्र पोरांना यापासून लांब राहायला सांगायचा. जुलै १९४६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत, धड उभंही राहता येत नाही अशा अवस्थेत, त्याच्याकडून ‘लव्हर मॅन’ रेकॉर्ड करून घेतलं गेलं. त्यानंतर तो अनेक महिने कॅमरिलो इथल्या मनोरुग्णालयात होता. कंपनीने ते रेकॉर्ड बाजारात आणलं. काही रसिकांना त्या अडखळण्यात खोल वेदना ऐकू आली, ते धन्य झाले. पार्करला स्वतःला ते बाहेर आल्याची प्रचंड चीड होती. त्याला ते फक्त वाईट वाजवलेलं वाटत होतं. कॅमरिलोतून बाहेर पडल्यावर, तब्येत सुधारलेली असताना, १९४७ मध्ये त्याने जे वाजवलं त्यातलं बरंच त्याच्या सर्वोत्तम कामात मोजलं जातं. १२ मार्च १९५५ रोजी तो ३४व्या वर्षी गेला, तेव्हा त्याचं शरीर पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं वाटत होतं.

जॉन कोल्ट्रेनने १९५७ मध्ये हेरॉइन सोडलं. ‘जायंट स्टेप्स’ १९५९चं, ‘अ लव्ह सुप्रीम’ डिसेंबर १९६४चं. दोन्ही सोडल्यानंतरचं. माइल्स पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर त्यातून बाहेर आला आणि मग त्याचा पहिला मोठा क्विंटेट उभा राहिला. सनी रोलिन्स १९५५ मध्ये व्यसनमुक्तीसाठी लेक्सिंग्टनच्या सरकारी हॉस्पिटलात गेला. बाहेर आल्यावर पुन्हा क्लबात पाऊल टाकायची त्याला भीती वाटत होती, कारण जुने मित्र आणि जुना पुरवठा तिथेच होता. त्या वर्षाच्या अखेरीस तो ज्या बँडमध्ये गेला तो क्लिफर्ड आणि मॅक्स रोचचा. स्वच्छ जगूनही उत्तम जॅझ वाजवता येतं हे क्लिफर्डला बघून कळलं, असं रोलिन्स पुढे सांगत राहिला. २२ जून १९५६ रोजी त्याने ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ रेकॉर्ड केलं. ड्रम्सवर मॅक्स रोच.

चार दिवसांनी क्लिफर्ड गेला.

नशा काढून टाकली आणि संगीत राहिलं. नुसतं राहिलं नाही, वाढलं. अनेक मोठ्या वादकांचं सर्वांत मोठं काम ते सावरल्यानंतरचं आहे. ही माहिती दडवलेली नाही, कुठल्याही अल्बमच्या तारखा बघा. तरी दंतकथा हलत नाही.

इथे कुणी म्हणेल, तू नीतिपाठ देतोयस. नाही. व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. शिवाय त्या काळातल्या काळ्या वादकांचं जगणं काय होतं ते विसरून चालणार नाही. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडकलात की कार्ड गेलं, म्हणजे पोट गेलं. बिली हॉलिडेचं कार्ड गेलं. थेलोनियस मंकचं १९५१ मध्ये गेलं, १९५७ पर्यंत मिळालं नाही. ही सगळी माणसं आजारी होती तेव्हा त्यांना उपचार हवे होते, त्याऐवजी पोलीस भेटले. म्हणून तर त्यांच्या दुखण्याला ‘कलेची किंमत’ म्हणणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. ती किंमत ठरवली दुसऱ्यांनी, भरली त्यांनी, आणि तिचं कौतुक करणार आपण, हेडफोन लावून.

दुसरा आक्षेप जास्त चांगला आहे. दुःखाशिवाय कला कशी होईल? पण क्लिफर्डच्या आयुष्यात दुःख नव्हतं असं कोण म्हणालं? विशी गाठायच्या आत त्याचं शरीर मोडलं होतं. त्याचा आदर्श डोळ्यांदेखत संपला होता. तो काळा माणूस होता आणि १९५०च्या अमेरिकेत गावोगाव प्रवास करत होता. दुःख मागायला जावं लागत नाही, ते घरपोच येतं. त्याचं काय करायचं हे मात्र शिकावं लागतं, आणि ते शिकायला शुद्धीवर असावं लागतं.

हे सगळं मी अमेरिकेतल्या सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी लिहीत नाहीये. ही दंतकथा इथे, आपल्यात, मजेत नांदते आहे. ‘रॉकस्टार’मधला जनार्दन मोठा कलाकार व्हायचं म्हणून आधी काळीज मोडून घ्यायला निघतो. आपण हसलो, आणि मग तोच सल्ला खरा मानला. माझ्या हॉस्टेलवर एक गिटारवाला होता. हाताने खरोखर चांगला. तो जसजसा गांजात आणि दारूत बुडत गेला तसतसा त्याचा दरारा वाढला. ‘मनस्वी आहे रे तो’ म्हणायचे. सुरांना चुकायला लागला तर म्हणायचे, आता भाव आला. पहाटे उठून गुपचूप तबल्याचे बोल घोटणारा एक पोरगाही त्याच मजल्यावर होता. त्याला ‘क्लासवाला’ म्हणायचे. गिटारवाल्याने तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. आज तो वाजवत नाही. त्याला वाचवायला हवं होतं अशा वेळी त्याच्याभोवती प्रेक्षक होते.

माझ्या क्षेत्राने तर शब्दच उसना घेतला आहे: ‘रॉकस्टार डेव्हलपर’. रात्रभर जागणारा, कुणाशी धड न बोलणारा, ज्युनिअरचा कोड सगळ्यांसमोर फाडणारा. त्याच्या वागण्याबद्दल तक्रार केली की मॅनेजर सांगतात, जीनियस लोक असेच असतात. मी अशा दोघातिघांसोबत काम केलं आहे. त्यांच्यानंतर त्यांचा कोड निस्तरणारी माणसं शांत होती, सहाला घरी जायची, आणि त्यांना कुणी रॉकस्टार म्हटलं नाही.

क्लिफर्डकडे बघा. लायब्ररीतल्या अभ्यासू पोराइतका शिस्तीचा, आणि स्टेजवर उभा राहिला की समोरच्याला घाम फोडणारा. फिलाडेल्फियातला ली मॉर्गन नावाचा कोवळा पोरगा त्याच्याकडून शिकला आणि पुढे स्वतः मोठा ट्रम्पेटवाला झाला. प्रतिभा आणि सभ्यपणा एका घरात राहू शकतात, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

तरी दंतकथेने त्यालाही सोडलं नाही. त्याला व्यसन नव्हतं, मग त्याचा मृत्यू धरला. २६ जून १९५६ची रात्र, पाऊस, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग. फिलाडेल्फियाहून शिकागोच्या कार्यक्रमाला निघालेली गाडी घसरली. गाडीत क्लिफर्ड, बँडचा पियानिस्ट रिची पॉवेल, आणि गाडी चालवणारी रिचीची बायको नॅन्सी. तिघेही गेले. त्या दिवशी क्लिफर्ड आणि त्याची बायको लारू यांच्या लग्नाला दोन वर्षं पूर्ण होत होती.

१९७३ मध्ये ‘द बिगिनिंग अँड द एंड’ नावाचा अल्बम निघाला. त्यातली तीन रेकॉर्डिंग्ज फिलाडेल्फियातल्या म्युझिक सिटी या दुकानात झालेल्या मैफलीची. जाहिरात अशी की ही त्याची शेवटची रात्र, यानंतर काही तासांत तो गेला. वर्षानुवर्षं लोकांनी ते वाजवणं मृत्यूच्या सावलीत ऐकलं, त्यात निरोप ऐकला. मग चरित्रकार निक कॅटालानो यांनी शोध घेतला आणि ते रेकॉर्डिंग ३१ मे १९५५चं असल्याचं दाखवलं. म्हणजे मृत्यूच्या वर्षभर आधीचं. तो निरोप वगैरे काही देत नव्हता. एका साध्या संध्याकाळी, उद्याही वाजवायचं आहे या हिशेबाने, तो जबरदस्त वाजवत होता.

मला ही दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते. तारीख बदलली, संगीतातला एक स्वरही बदलला नाही, आणि ऐकणाऱ्यांनी त्यात घातलेलं मरण मात्र गळून पडलं.

त्याला नीट आठवणारेही आहेत. त्याच्या सोबत्यांपैकी बेनी गोल्सनने १९५७ मध्ये त्याच्यासाठी ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’ ही धून बांधली. ती ली मॉर्गनने वाजवली, डिझीने वाजवली, आणि आजही ट्रम्पेटवाले वाजवतात. विल्मिंग्टनमध्ये १९८९ पासून त्याच्या नावाने जॅझ महोत्सव भरतो, फुकट, भर चौकात. आठवण काढायची ही पद्धत मला पटते. त्याने वाजवलं, म्हणून लोक वाजवतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला वाया गेलेल्या प्रतिभावंताची गोष्ट डोळे मिटून सांगायला लागला, तर त्याला विचारा: त्याने काय केलं ते सांग, त्याचं काय झालं ते नको. आणि तुमच्या ओळखीतलं कुणी खरोखर वाया जात असेल, तर टाळ्या थांबवा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. गाणं नंतर होईल. रोलिन्सचं झालं, कोल्ट्रेनचं झालं.

तोवर ‘जॉय स्प्रिंग’ लावा. ते त्याने लारूसाठी केलं होतं, आणि तेव्हा तो २३ वर्षांचा होता.